त्सुरुता आजारी पडला नसता तर?

(फोरमवरचा धागा. प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

सहावी रांग

माझ्याकडे एक वही आहे. जपानी प्रो-रेसलिंगचे, म्हणजे निकाल आधी ठरवून लढल्या जाणाऱ्या कुस्तीचे, कधीच न झालेले कार्यक्रम मी तिच्यात लिहितो. लढती निळ्या शाईत, निकाल लाल शाईत आणि समासात वेळ. बारा वर्षांत तीन वह्या भरल्या, ही चौथी. इतकं लिहून झाल्यावर माझे काही नियम पक्के झालेत. इतिहासातली एकच गोष्ट बदलायची. माणसांचे स्वभाव बदलायचे नाहीत. 'ऑल जपान' कंपनीचे मालक आणि स्वतःही कुस्तीगीर असलेले जायंट बाबा एखाद्या पोराला पायरी-पायरीनं वर आणायचे, तर वहीतही ते तसंच करणार. आणि हॉल, हंगाम खरेच ठेवायचे. नव्वदच्या दशकातल्या ऑल जपानसाठी लिहायचं म्हणजे वर्षाला टोकियोच्या बुडोकान हॉलमध्ये सहा-सात कार्यक्रम, वसंतात एकेकट्यांची स्पर्धा चॅम्पियन कार्निव्हल, वर्षअखेरीला जोड्यांची टॅग लीग. टोकियो डोमचं प्रचंड स्टेडियम नाही, कारण बाबांनी स्वतःच्या कंपनीचा कार्यक्रम डोममध्ये पहिल्यांदा नेला तो 1 मे 1998 ला.

सगळ्या वह्यांमध्ये एकच पान अजून अर्धं आहे. 1992 ची अखेर. ऑल जपानचा आघाडीचा कुस्तीगीर जंबो त्सुरुता हेपटायटिसमुळे इस्पितळात गेला आणि मुख्य लढतींत परत कधीच आला नाही.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. त्सुरुता 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ग्रीको-रोमन कुस्ती लढून आला आणि त्याच वर्षी बाबांच्या नव्या कंपनीत दाखल झाला. तेव्हा त्यानं जाहीरपणे जो शब्द वापरला तो सरळ 'नोकरी'चा होता, ऑल जपानमध्ये नोकरीला लागतोय असा. त्यावरून त्याला पुढे बरीच वर्षं ऐकून घ्यावं लागलं, की याच्यात आग नाही, हा कामावर आल्यासारखा येतो. मला तो शब्द फार आवडतो. वीस वर्षं तो कामावर आला. 18 एप्रिल 1989 ला अमेरिकन स्टॅन हॅन्सनला हरवून तीन वेगवेगळे पट्टे त्यानंच एकत्र केले आणि ट्रिपल क्राउन, कंपनीचा सर्वोच्च किताब, जन्माला आला.

मग 1990 चा वसंत. त्सुरुताचा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी तेनर्यू नव्या कंपनीत निघून गेला. त्सुरुतासमोर उभं राहील असा माणूसच उरला नाही. 14 मे रोजी एका टॅग लढतीत, मधेच, टायगर मास्कनं मुखवटा काढला आणि आतून मित्सुहारू मिसावा बाहेर आला. मुखवट्याच्या नाड्या सोडवल्या त्या त्याचा जोडीदार तोशिआकी कावादानं. (हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.) 8 जून, बुडोकान: मिसावानं त्सुरुताला 24 मिनिटं 6 सेकंदांत पाडलं. असं सांगतात की निकाल आधी उलटा ठरला होता, पण हॉलवर लोटलेली गर्दी मिसावाचं नाव घेतेय हे पाहून बाबांनी तो फिरवला.

पण पुढचं बघा. 1 सप्टेंबरला त्सुरुतानं परतफेड केली. एप्रिल 1991 मध्ये ट्रिपल क्राउनसाठी पुन्हा मिसावाला हरवलं. ऑक्टोबरमध्ये कावादाला हरवलं. जानेवारी 1992 मध्ये पट्टा हॅन्सनकडे गेला, ऑगस्टमध्ये हॅन्सनकडून मिसावाकडे. म्हणजे मिसावा अजिंक्य झाला तो त्सुरुताला बाजूला ठेवून. पट्टा पणाला लावून त्सुरुताला पाडणं त्याच्या वाट्याला आलंच नाही. कावादाच्या आणि त्यांच्याच पिढीतल्या कोबाशीच्या वाट्याला तर एकट्याच्या लढतीत त्सुरुताला हरवणंच आलं नाही. एक दार अर्धं उघडून राहिलं.

तर, तो आजारी पडला नाही असं धरा. वय 41. तुम्ही 1993 पासून पुढे कसं बुक कराल, म्हणजे लढती आणि निकाल कसे ठरवाल? त्याला शेवटी कोणी पाडायचं, कधी, आणि कुठे?

जुनी टेप

मिसावानंच पाडायचं असं कोणीही म्हणेल. मी आधी एक हिशेब मांडतो, मग तुम्ही ठरवा.

त्सुरुता तंदुरुस्त असेल तर ताउए त्याच्याजवळ राहतो. 1992 पर्यंत ताउए त्याचाच जोडीदार होता. ताउए मोकळा नसेल तर 1993 मध्ये कावादानं मिसावाला सोडून जायचं कोणाकडे? कावादा आणि ताउए हे 1991 मध्ये एकमेकांना नुसते बदडत होते. ते एकत्र आले कारण त्सुरुताची जागा रिकामी झाली आणि बाबांना मिसावासमोर उभी करायला दुसरी फळी हवी होती. त्या रिकाम्या जागेतून कावादा-ताउएची जोडी, 'होली डीमन आर्मी', निघाली.

ती जोडी नसेल तर 9 जून 1995 नाही. मिसावा-कोबाशी विरुद्ध कावादा-ताउए, 42 मिनिटं 37 सेकंद. कोबाशीचा पाय आधीच दुखावलेला आणि समोरचे दोघं तोच पाय धरून बसलेले. शेवटी त्याला उभं राहता येत नाही तेव्हा तो मिसावाच्या अंगावर पडून राहतो, आपलं अंग ढालीसारखं घालून. आणि कावादा आयुष्यात पहिल्यांदा मिसावाला पिन करतो, खांदे टेकवून हरवतो. ही लढत मी किती वेळा पाहिली याची मोजदाद नाही. टेप घासून रंग उडाले, आवाज फाटला, तरी पाहतो.

आणखी एक. 1992 च्या टॅग लीगमध्ये त्सुरुताच्या जागी ताउएबरोबर कोण उभा राहिला? जुन आकियामा. त्याचं पदार्पण 17 सप्टेंबर 1992 चं. तीन महिनेही झाले नव्हते आणि पोरगा लीगच्या शेवटच्या दिवशी मिसावा-कावादासमोर उभा. त्सुरुता बरा असता तर आकियामा आणखी दोन-तीन वर्षं सुरुवातीच्या लढतींत घालवतो.

तुम्ही एकच गोष्ट बदलताय, पण तिच्यावर पाच वर्षं उभी आहेत. मी नाही बदलणार.

सहावी रांग

याचसाठी ते पान अर्धं आहे. 9 जून 1995 मलाही सोडवत नाही.

पण मला जे खुपतं ते सांगतो. त्सुरुता ऑक्टोबर 1993 मध्ये परतला तो बाबा आणि रशर किमुरा यांच्या, म्हाताऱ्यांच्या तीन विरुद्ध तीन गमतीच्या लढतींत. लोक हसतात, टाळ्या देतात, छान चाललेलं असतं. त्यातलं बाबांचं असणं मला समजतं. बाबा वयानं तिथे पोचले होते, स्वतःहून खाली सरकले होते. त्सुरुता मात्र हरून तिथे आला नव्हता. त्याला त्याच्या जागेवरून कोणी खाली पाडलंच नव्हतं. मग मार्च 1999 मध्ये बुडोकानला निरोप झाला, त्याच वर्षी तो अमेरिकेत पोर्टलंडच्या विद्यापीठात संशोधनासाठी गेला आणि 13 मे 2000 ला मनिलात यकृत प्रत्यारोपण चालू असताना गेला. वय 49.

एवढ्या मोठ्या कुस्तीगिराची गोष्ट मधल्या पानावर थांबते. म्हणून मी लिहितो. मला त्याला जिंकवायचं नाहीये, नीट हरवायचंय.

निळा कोपरा

तुमच्या नियमात बसणारं एक वेगळं सुचवतो. जून 2000 बदला. बाबा 31 जानेवारी 1999 ला गेले, दीड वर्षात मिसावा ऑल जपानमधून बाहेर पडला, सोबत जवळजवळ सगळे जपानी कुस्तीगीर आणि कार्यक्रम दाखवणारी निप्पॉन टीव्हीही. मागे उरले दोघं: कावादा आणि फुची. कावादाही गेला असता तर? मिसावाच्या नव्या 'नोआ' कंपनीच्या पहिल्या वर्षात मिसावा-कावादा परत बुडोकानला. खऱ्या इतिहासात त्यासाठी 18 जुलै 2005 पर्यंत थांबावं लागलं आणि तोवर दोघांची शरीरं थकली होती.

नाहीतर 4 जानेवारी 1999. स्पर्धक कंपनी न्यू जपानच्या कार्यक्रमात ओगावानं त्यांच्या आघाडीच्या हाशिमोतोला डोममध्ये खरोखरच मारलं, ते झालं नसतं तर न्यू जपानचं पुढचं दशक वाचलं असतं.

सहावी रांग

हाशिमोतोचं माझ्या नियमात बसत नाही. बार्सिलोनाचं ज्युदो रौप्य गळ्यात असलेला ओगावा हा न्यू जपान काढणाऱ्या इनोकीचा माणूस, आणि आपली कुस्ती 'खरी' दिसावी हा इनोकीचा 1976 च्या मुष्टियोद्धा महंमद अलीबरोबरच्या लढतीपासूनचा ध्यास. 4 जानेवारी वगळलं तर तीच गोष्ट 5 जानेवारीला होईल. तारीख बदलून भागत नाही, तिथे माणूस बदलावा लागतो.

कावादाचं मात्र मी दुसऱ्या वहीत करून पाहिलंय. पहिले तीन महिने सुंदर जातात. मग लक्षात येतं की कावादा गेला तर ऑल जपान उरतच नाही. मग 9 ऑक्टोबर 2000 ची कावादा विरुद्ध न्यू जपानचा सासाकी ही लढत नाही, इतक्या वर्षांनी न्यू जपान आणि ऑल जपान एका छताखाली नाहीत. तेनर्यू परततो तो कोणाकडे? 8 जून 2001 ला न्यू जपानचा मुतो ट्रिपल क्राउन जिंकतो तो कोणत्या कंपनीत? 2002 मध्ये मुतो, कोजिमा ऑल जपानमध्ये येणार कसे? आणि कावादाचा स्वभाव बघा. शाळेच्या कुस्तीतही तो मिसावाच्या मागे एक वर्ष, त्याच शाळेत, आणि कंपनीतही त्याच्याच मागे. त्या जूनमध्ये पहिल्यांदाच तो मिसावाच्या मागून गेला नाही. ते मी खोडलं तर कावादाच खोडला.

मंजिरी

मी पुरुषांची कुस्ती कमी पाहिलीये, ऑल जपान विमेन्स या बायकांच्या वेगळ्या कंपनीची जास्त, म्हणून वेगळ्या बाजूनं लिहिते. तुमचा अडकलेला धागा मला ओळखीचा वाटला.

त्या कंपनीत पंचविशीला निवृत्त व्हायचा अलिखित नियम होता. चिगुसा नागायो आणि लायनेस आसुका, म्हणजे 'क्रश गॅल्स', शाळकरी मुली ज्यांच्यासाठी हॉलमध्ये रडायच्या, त्या दोघी 1989 मध्ये गेल्या. चिगुसाचा निरोप 6 मे ला योकोहामा अरीनात झाला, तेव्हा ती 24 ची होती. मी कित्येक वर्षं हेच 'तर' घोळवायचे: हा नियम पाच वर्षं आधी मोडला असता तर? चिगुसा 1990 मध्ये ऐन भरात आहे, समोर आजा काँग, समोर तरुण मानामी टोयोटा. अंगावर काटा येतो.

मग एक दिवस मी तो कार्यक्रम कागदावर मांडायला बसले आणि बुल नाकानोला जागा सापडेना. ती क्रश गॅल्सच्या काळात डम्प मात्सुमोतोच्या टोळीतली खलनायिका. दोघी गेल्या आणि मोठा पट्टा तिच्याकडे आला, 1990 च्या जानेवारीत. त्या वर्षी 14 नोव्हेंबरला पिंजऱ्याच्या अगदी टोकावर ती उभी राहते, खाली आजा काँग पडलेली, आणि ती तिथून पाय टाकून उडी घेते. उडी घेण्याआधी हात जोडते. जिला वर्षानुवर्षं शिव्या पडल्या तिच्यासाठी सगळा हॉल जीव मुठीत धरून उभा. चिगुसा असती तर त्या टोकावर बुल पोचलीच नसती.

माझी अडचण मी अशी सोडवली: नियम मोडला नाही, चिगुसाला लवकर परत आणलं. खऱ्या इतिहासात ती 1993 मध्ये परतली आणि 1995 मध्ये तिनं स्वतःची कंपनी 'गाएया' सुरू केली. मी तिला 1992 मध्ये आणते, पण तोवर पिंजरा होऊन गेलाय आणि बुल राणी आहे. चिगुसाला परत पायथ्यापासून चढावं लागतं आणि वाटेत बुल आहे.

म्हणून विचारते. जागा रिकामी झाली हे तुम्हाला नकोय, की ती *कशानं* झाली ते नकोय?

सहावी रांग

मंजिरीताई, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून वही उघडली आणि रात्री दोन वाजता मिटली.

जागा रिकामी व्हायलाच हवी. ती आजारानं झाली ते मला नकोय. त्सुरुता राहील, आणि कोणीतरी येऊन त्याला त्या जागेवरून खाली ओढील. मग जुनी टेप म्हणतात ती पाच वर्षं जागच्या जागी राहतील. बसतंय का बघा.

1993. त्सुरुता बरा आहे. कावादा मिसावाला सोडतो, खऱ्या इतिहासासारखाच, फक्त तो त्सुरुताकडे जातो. त्सुरुताच्या एका बाजूला ताउए, दुसऱ्या बाजूला कावादा. हे दोघं आदल्या वर्षांत एकमेकांची तोंडं फोडून बसलेत, ते काही मित्र होत नाहीत. एका कोपऱ्यात उभे राहतात आणि एकमेकांकडे बघत नाहीत. समोर मिसावा, कोबाशी आणि तिसरा आकियामा. आकियामाला लीग मिळत नाही हे खरं, पण वर्षभर या तिघांच्या लढतींत तो त्सुरुताच्या गुडघ्याखाली शिकतो. मला वाटतं त्याचं नुकसान होत नाही. ऑल जपानचा जीव या तिघांच्या लढतींत होता. ऑक्टोबर 1990 ची एक आठवा, त्यात कोण कोणाकडे रागानं बघतंय यावर पुढची दोन वर्षं लिहिली गेली.

टॅग लीग, डिसेंबर 1993. त्सुरुता जोडीदार म्हणून ताउएला निवडतो. कावादाला नाही. भांडण नाही, भाषण नाही. नुसता कार्यक्रमाचा कागद लागतो आणि त्यावर त्सुरुता-ताउए असं छापलेलं असतं. बाबा असंच करायचे, त्यांना माइकवर कोणी काही बोलायची गरज नसे. लीग मिसावा-कोबाशीच जिंकतात, जसे खरोखर जिंकले. कावादा तिसऱ्या-चौथ्या लढतीत, कुठल्यातरी परदेशी पाहुण्याबरोबर जोडी करून.

चॅम्पियन कार्निव्हल 1994. खऱ्या इतिहासात हा कावादानं जिंकला, 16 एप्रिलच्या अंतिम लढतीत स्टीव्ह विल्यम्सला हरवून. मी फक्त समोरचा माणूस बदलतो. अंतिम लढत: त्सुरुता विरुद्ध कावादा. त्सुरुता 43 वर्षांचा आहे आणि ऑक्टोबर 1991 सारखाच आपण जिंकणार अशी त्याची खात्री आहे. पहिली दहा मिनिटं तो कावादाला मारतो ते शिकवणी दिल्यासारखं. उंचावरून गुडघा, कोपऱ्यात धरून थपडा, हात वर करून 'ओ!' म्हणत प्रेक्षकांकडे बघणं. कावादा सगळं खातो. मग तो पाय धरत नाही, हात धरत नाही, डोक्याला लाथा घालू लागतो. सरळ, एकामागून एक, तोंडावर. आणि शेवट बॅकड्रॉपवर. बॅकड्रॉप, म्हणजे मागून धरून उचलून मागे आपटणं, हे त्सुरुताचं हत्यार, सगळ्या जपानला ठाऊक असलेलं. कावादा तो त्यालाच देतो, एक, मग दुसरा, आणि तिसऱ्यानंतर त्सुरुता खांदा उचलत नाही.

यानंतर मी एकही शब्द लिहिलेला नाही. त्सुरुता उठतो आणि ताउएचा खांदा धरून रिंगबाहेर जातो. पायरीवर थांबून ताउएचा हात सोडतो आणि एकटा आत जातो. ताउए तिथेच उभा, मागे रिंगमध्ये कावादा. दोघं पहिल्यांदा एकमेकांकडे बघतात.

होली डीमन आर्मी इथून निघते. वर्षभर उशिरा, पण 9 जून 1995 च्या आधी बराच वेळ आहे. त्सुरुता पुढच्या दौऱ्यात बाबा आणि रशर किमुराच्या शेजारी उभा राहतो, हसतो, मजेत असतो. तो तिथे हरून आलाय, त्यामुळे त्याच्या हसण्याला आता मला हरकत नाही.

आणि 3 जून 1994 जसाच्या तसा राहतो. कावादा कार्निव्हल जिंकून मिसावासमोर येतो. आता दोघांनीही त्सुरुताला पाडलेलं आहे. कावादाला वाटतं आपण बरोबरीला आलो. आणि 35 मिनिटं 50 सेकंदांनी मिसावा त्याला टायगर ड्रायव्हर '91 हा आपला सगळ्यात घातक डाव घालतो. ज्याच्या मुखवट्याच्या नाड्या या हातांनी सोडवल्या, त्याच्यासमोर हे हात पुन्हा रिकामे.

विल्यम्सचं नुकसान होतं हे मान्य. त्याची अंतिम लढत मी घेतली. पण 28 जुलैला तो मिसावाची 705 दिवसांची राजवट संपवतो, ते त्याचं त्याच्याकडे ठेवलंय.

निळा कोपरा

पायरीवर हात सोडणं. बस, दुसरं काही नको.

एक शंका. त्सुरुता 1994 नंतरही बुडोकानला मुख्य लढतीत का नसेल? तब्येत चांगली आहे म्हणता.

सहावी रांग

बाबांचा स्वभाव. हॅन्सनसारखे परदेशी सोडले तर त्यांच्या घरात एकदा खाली उतरलेला माणूस परत वर चढवत नसत, ते स्वतःही चढले नाहीत. शिवाय त्सुरुता विद्यापीठात जाणार आहे, ते मी बदललेलं नाही. खऱ्या आयुष्यात तो आजारपणानंतर त्सुकुबा विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी गेला होता. वहीतही जातो. त्याला नोकरी नीट करून मग दुसरं काही शिकायचंच होतं असं मला वाटतं.

मंजिरी

आता पटलं. मिसावा, कावादा, कोबाशी, ताउए; ताउएला आपण सगळे या चौघांतला चौथा म्हणून सोडून देतो. या गोष्टीत तो पायरीवर उभा आहे आणि पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे, हे मला फार आवडलं.

जुनी टेप

मी 'नाही बदलणार' म्हणालो होतो. ते मागे घेतो. यात माझी टेप शाबूत राहते.

समासातली वेळ लिहिली नाहीत तुम्ही. कार्निव्हलच्या अंतिम लढतीची.

सहावी रांग

तेवढीच रिकामी आहे. चार आकडे लिहून खोडले. तीस मिनिटांच्या वर गेलं की 3 जूनचं वजन कमी होतं, वीसच्या आत आणलं की त्सुरुता म्हातारा वाटतो. तुम्ही सुचवा.

जुनी टेप

24 मिनिटं 7 सेकंद.

मिसावाला 24 मिनिटं 6 सेकंद लागली होती. कावादाला एक सेकंद जास्त लागू द्या. हॉलमध्ये कोणाच्या ध्यानात येणार नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात निकाल छापून येईल तेव्हा कावादाच्या येईल.

सहावी रांग

लिहिलं. लाल शाईत.